दोन-तृतीयांश जग उपाशी : एका आकड्याचा इतिहास



जगातली दोन-तृतीयांश माणसे जन्मभर अर्धपोटी राहतात, हे विधान १९५० नंतरची दहा-पंधरा वर्षे जगभर फिरत होते. अन्नशास्त्रज्ञ ते आपल्या निबंधात लिहीत, मंत्री सभेत सांगत, वर्गणी गोळा करणाऱ्या संस्था आपल्या पत्रकावर छापीत. ते कुणी मोजले, कसे मोजले, हे विचारायचे मात्र फारसे कुणाच्या मनात येत नसे. विचारणे तसे अवघडच होते, नाही का? उपाशी माणसांबद्दल कोणी सांगत असताना ‘पुरावा दाखवा’ म्हणणारा माणूस दगडाच्या काळजाचा वाटतो.

आज मी या आकड्याचा इतिहास सांगणार आहे. मी इतिहासाचा प्राध्यापक. संख्याशास्त्र हा माझा प्रांत नव्हे. पण आकड्यालाही जन्म असतो, आईबाप असतात आणि प्रवास असतो, आणि हे पाहणे इतिहासाचेच काम आहे. शिवाय या आकड्याला ज्यांनी जाब विचारला, त्यांत एक गृहस्थ आपल्या सातारा जिल्ह्यातले होते.

आकड्याचे पितृत्व बहुतेक जण लॉर्ड बॉइड ऑर यांच्याकडे देतात. हे स्कॉटलंडचे आहारशास्त्रज्ञ. इंग्लंडसारख्या धनवान देशातही मोठ्या वर्गाला नीट आहार परवडत नाही, हे त्यांनी १९३६ मध्ये एक पाहणी प्रसिद्ध करून दाखवून दिले होते. १९४५ साली संयुक्त राष्ट्रांची अन्न व शेती संघटना निघाली, तिचे ते पहिले महासंचालक. जगातले धान्य एका मंडळामार्फत साठवावे आणि गरजू देशांना पुरवावे, अशी त्यांची योजना होती. मोठ्या राष्ट्रांनी ती हाणून पाडली. १९४८ मध्ये ते पदावरून दूर झाले, १९४९ मध्ये त्यांना शांततेचे नोबेल पारितोषिक मिळाले, आणि १९५० साली एका अमेरिकन मासिकात त्यांनी ते दोन-तृतीयांशाचे विधान केले. हे सविस्तर सांगण्याचे कारण असे, की हा आकडा कोणा भामट्याने उठवलेला नव्हता. तळमळीच्या माणसाने तो उच्चारला, म्हणूनच तो इतका टिकला.

आता हिशेब पाहू. अन्न व शेती संघटनेने १९४६ मध्ये जगाची पहिली अन्नपाहणी प्रसिद्ध केली. सत्तर देशांची युद्धापूर्वीची माहिती तिच्यात होती. प्रत्येक देशाचा ताळेबंद मांडायचा : देशात किती धान्य पिकले, किती बाहेरून आले, किती बाहेर गेले, बियाणाला किती, जनावरांना किती, उंदीर-घुशींनी किती खाल्ले. उरलेल्याला लोकसंख्येने भागायचे, मग ३६५ ने भागायचे, आणि त्याचे उष्मांक काढायचे. ज्या भागांत हा आकडा दरडोई २२५० च्या खाली आला, तेथे जगाची निम्म्याहून अधिक वस्ती राहत होती. १९५२ च्या दुसऱ्या पाहणीतले चित्र आणखी काळे होते.

येथे जरा थांबू. पाहणीने सांगितले ते एवढेच, की निम्म्याहून अधिक माणसे अशा प्रदेशांत राहतात, जेथली सरासरी कमी आहे. बाहेर पोहोचले ते असे, की निम्म्याहून अधिक माणसे उपाशी आहेत. या दोन वाक्यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. वाडीतल्या दहा घरांना मिळून रोज शंभर भाकरी लागतात आणि भाजल्या जातात नव्वद, असे समजा. म्हणून दहाही घरे उपाशी झोपली असे होत नाही. पाटलाच्या घरी, वाण्याच्या घरी पुरून उरते. सगळी तूट दोन-तीन घरांच्या चुलीपाशी जाऊन बसते. उलट शेजारच्या वाडीत शंभराला एकशेवीस भाजल्या जात असतील, तरी तिथल्या विधवेच्या पोरांना मिळतातच असे नाही. या हिशेबात पहिली वाडी आख्खी उपाशी ठरते आणि दुसरीतली पोरे कागदावर जेवलेली असतात.

आणि मुळात ‘किती धान्य पिकले’ हा आकडा कोठून आला? दिल्लीच्या कचेरीत तो प्रांताकडून आला, प्रांताकडे जिल्ह्यातून, जिल्ह्याकडे तालुक्यातून, आणि तालुक्याकडे आपल्या गावच्या चावडीतून. जोसाया स्टॅम्प नावाच्या इंग्रज अर्थतज्ज्ञाने १९२९ च्या एका पुस्तकात हिंदुस्थानातला किस्सा दिला आहे. आकड्यांवर भिस्त ठेवणाऱ्या एका तरुण गोऱ्या अधिकाऱ्याला एक वृद्ध न्यायाधीश समजावतो, की सरकार हे आकडे जमवते, त्यांच्या बेरजा करते, मुळे काढते, सुंदर आलेख काढते. पण ते सारे मुळात गावच्या चौकीदाराने लिहिलेले असतात आणि तो आपल्या मर्जीप्रमाणे लिहितो. ही गोष्ट संख्याशास्त्राच्या वर्गांतून पुष्कळ सांगितली जाते, आणि लोक हसतात. मला स्वतःला ती थोडी उद्धट वाटते. गावचा माणूस मर्जीने लिहीत नव्हता, त्याला कारणे होती.

आपल्याकडची आणेवारीच पाहा. सोळा आणे म्हणजे भरघोस पीक. गावकामगाराने, मग मामलेदाराने उभ्या पिकाकडे पाहून ठरवायचे, की यंदा आठ आणे आहे की सहा. पण त्या नजरेला सारा बांधलेला होता. १९१८ चा खेड्याचा सत्याग्रह आपण महात्माजींच्या चरित्रात वाचतो. भांडण कशावरून होते? पीक चार आण्यांच्या आत असेल तर त्या वर्षीची सारावसुली तहकूब व्हावी, असा नियम होता. शेतकरी म्हणत चार आण्यांच्या आत आहे, सरकारी अंमलदार म्हणत वर आहे. शेत तेच, पीक तेच, आणि आकडे दोन. ज्या आकड्यावर घरातली गुरे-भांडी जप्त व्हायची की राहायची हे ठरते, तो आकडा निर्विकार कसा राहील? (आणे १९५७ साली नाण्यांतून गेले आणि पैसेवारी आली. तरी पन्नास पैशांच्या आत की बाहेर, यावरचा वाद काही गेला नाही, आणि आपण बोलताना आणेवारीच म्हणतो.)

तेव्हा शेतसारा देणाऱ्या देशात पीक कमी सांगण्याकडेच ओढा असायचा. स्टॅनफर्ड विद्यापीठातले बेनेट यांनी १९५४ मध्ये आणि तिथल्याच हेलन फार्न्सवर्थ यांनी १९६१ मध्ये नेमका हाच मुद्दा मांडला, की गरीब देशांचे अन्नाचे ताळेबंद कच्च्या आकड्यांवर उभे आहेत आणि त्यांतून भुकेचे माप काढणे धोक्याचे आहे.

पण बाहेरून आक्षेप घेणे वेगळे आणि त्याच संघटनेत बसून आकडा दुरुस्त करणे वेगळे. ते काम पांडुरंग वासुदेव सुखात्मे यांनी केले. जन्म १९११, सातारा जिल्ह्यातल्या बुध गावी. खटाव तालुक्याचा हा पट्टा. तिथे पाऊस कसा पडतो हे त्या बाजूच्या श्रोत्यांना सांगायला नको. पुण्याला फर्ग्युसन कॉलेज, मग लंडनला संख्याशास्त्राचा अभ्यास. परत आल्यावर १९४० पासून ते शेती संशोधन परिषदेत होते, आणि विनायक गोविंद पानसे यांच्यासह त्यांनी नजरअंदाजाला पर्याय उभा केला : पीक कापणी प्रयोग. पद्धत सांगायला सोपी. गावे चिठ्ठ्या टाकावीत तशी निवडायची, गावातली शेतेही तशीच. चांगले शेत दिसले म्हणून घ्यायचे नाही आणि रस्त्यालगत आहे म्हणूनही घ्यायचे नाही. शेतात ठराविक मापाचा तुकडा दोरीने आखायचा, तेवढेच कापायचे, मळायचे, वाळवायचे आणि तोलायचे.

यातही फसगत कशी होते पाहा. कलकत्त्याचे प्रशांतचंद्र महालनोबिस हे या क्षेत्रातले मोठे नाव. त्यांचा कल लहान लहान तुकडे कापण्याकडे होता, कारण श्रम वाचतात. सुखात्म्यांनी प्रयोग करून दाखवले, की तुकडा फार लहान असला तर पीक जास्त भरते. का? दोरीवर आलेले ताट आत धरायचे की बाहेर, हा प्रश्न येतो तेव्हा कापणाऱ्याचा विळा नकळत ते आत ओढतो. तुकडा लहान असला की आतल्या पिकाच्या मानाने काठ मोठा, म्हणून चूकही मोठी. दोघा विद्वानांत यावरून कडाक्याचा वाद झाला. मला मात्र या वादातले ते काठावरचे ताटच जास्त लक्षात राहते. कोणी लबाडी केलेली नाही, तराजू खरा आहे, आणि तरीही आकडा चुकतो!

अशा शाळेत तयार झालेला माणूस १९५२ मध्ये रोमला अन्न व शेती संघटनेच्या संख्याशास्त्र विभागाचा प्रमुख झाला. समोर भुकेचा तो दोन-तृतीयांशाचा आकडा. त्यांनी विचारायला हवे तेच विचारले. सरासरी कमी आहे, ठीक. पण प्रत्यक्ष किती माणसे आपल्या गरजेहून कमी खातात? त्यासाठी सरासरी पुरत नाही. काही घरे जास्त खातात, काही कमी, ही वाटणी माहीत हवी. गरजही सारखी नसते. अंगाने मोठा आणि लहान, नांगर धरणारा आणि गादीवर बसणारा, पोर आणि म्हातारा. खाण्याची वाटणी आणि गरजेची वाटणी एकमेकींसमोर ठेवायची आणि मग मोजायचे.

१९६१ मध्ये लंडनच्या रॉयल स्टॅटिस्टिकल सोसायटीपुढे त्यांनी आपला निबंध वाचला. पोटाला उष्मांकच पुरेसे मिळत नाहीत अशी माणसे जगात १० ते १५ टक्के. जगाची लोकसंख्या तेव्हा ३०० कोटींच्या आसपास होती. म्हणजे ३० ते ४५ कोटी. आणि पोट भरते पण आहार निकस आहे, अशांना धरले तर एकूण आकडा निम्म्या जगापर्यंत जातो. १९६३ च्या तिसऱ्या अन्नपाहणीतही हेच मांडले गेले.

हे १० ते १५ टक्के ऐकून कोणाला वाटेल, चला, प्रश्न लहान निघाला. ४५ कोटी माणसे म्हणजे १९६१ च्या जनगणनेतला आपला सबंध भारत देश, आणि वर सुमारे एक कोटी! शिवाय आता त्या माणसांचा पत्ता लागत होता. दोन-तृतीयांश जग उपाशी म्हटले की कोणाच्या दारात जायचे ते कळत नाही. कोणत्या थरातले, कोणत्या घरातले, असे विचारू लागलो की वाट दिसते.

पण वृत्तपत्रांच्या मथळ्यांत कोणता आकडा गेला असेल? अर्थात निम्म्या जगाचा. संघटनेची ‘भूकमुक्ती मोहीम’ १९६० मध्येच सुरू झाली होती आणि प्रचाराला मोठा आकडा बरा पडतो. कॉलिन क्लार्क नावाचे अर्थशास्त्रज्ञ तेव्हापासून या सगळ्या मंडळींच्या मागे लागले. दोन-तृतीयांशाला पुरावा नाही, आणि निम्म्याचाही अर्थ एवढाच, की त्यांचे जेवण युरोपियनांसारखे नाही, असे ते म्हणत. मुख्यतः धान्यावर जगतो म्हणून माणूस कुपोषित धरायचा काय, हा त्यांचा सवाल. क्लार्क यांची इतर मते मला पटत नाहीत; जगात अन्न मुबलक आहे असे सांगण्याची त्यांना घाई असे. पण हा सवाल वाजवी होता.

त्या सवालाचीच दुसरी बाजू प्रथिनांच्या प्रकरणात दिसली. १९५० ते १९७० या काळात तज्ज्ञांनी ठरवले होते, की गरीब जगाचे खरे दुखणे प्रथिनांची तूट हे आहे. १९६८ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या अहवालाने प्रथिनांचे संकट येऊ घातले आहे, असा इशारा दिला. माशांचे पीठ, खनिज तेलावर वाढवलेले यीस्ट, काय काय उपाय निघाले! सुखात्म्यांनी १९७० मध्ये भारतातल्या आहाराचे आकडे मांडून म्हटले, की ज्याला पोटभर धान्य आणि डाळ मिळते त्याला प्रथिने सहसा कमी पडत नाहीत. कमी पडतात त्याला मुळात अन्नच कमी पडते. घरचा हिशेब करून पाहा. अर्धा किलो ज्वारीत सुमारे ५० ग्रॅम प्रथिने असतात. सोबत आमटी असली की ज्वारीतली उणीवही भरून निघते. प्रश्न त्या अर्ध्या किलोचा आणि आमटीतल्या डाळीचा आहे. (तान्ह्या, लहान पोरांची गोष्ट वेगळी. त्यांचे पोट लहान, कोरडी भाकरी किती जाणार?) १९७३ मध्ये तज्ज्ञ समितीने प्रौढ माणसाची प्रथिनांची गरज खूप खाली आणली, शरीराच्या दर किलो वजनाला ०.५७ ग्रॅम. म्हणजे ज्या मापाने कोट्यवधी लोक ‘तुटीत’ होते, ते मापच बदलले, आणि कोणी एक घास जास्त न खाता तूट नाहीशी झाली. १९७४ मध्ये मॅकलॅरेन या डॉक्टरांनी एका वैद्यकीय नियतकालिकात या सगळ्या प्रकाराची फजिती म्हणून संभावना केली. आणि १९८५ मध्ये? दुसऱ्या समितीने ०.५७ चे ०.७५ केले.

गोष्ट येथे संपली असती तर सुखात्मे हे नायक आणि बाकीचे सारे चुकलेले, असे म्हणून मोकळे होता आले असते. पण पुढचा वाद आपल्या पुण्यातला आहे आणि तो इतका सरळ नाही. वि. म. दांडेकर आणि नीळकंठ रथ यांनी १९७१ साली भारतातल्या दारिद्र्यावर आपला प्रसिद्ध ग्रंथ लिहिला. दरडोई २२५० उष्मांक घेण्यापुरता खर्च ज्याला झेपत नाही तो दरिद्री, असे माप लावून त्यांनी १९६०-६१ साठी खेड्यातले सुमारे ४० टक्के आणि शहरातले सुमारे ५० टक्के लोक या रेषेखाली दाखवले. पुढे सरकारनेही उष्मांकांची रेषा घेतली. १९७९ मध्ये खेड्यांसाठी २४०० आणि शहरांसाठी २१०० ठरवली.

सुखात्मे म्हणाले, ही रेषाच चुकीच्या जागी आहे. २२५० ही गरजेची सरासरी. सगळे पोटभर जेवणारे गाव घेतले तरी त्यातले जवळजवळ निम्मे लोक सरासरीच्या खाली असणारच, कारण त्यांची गरजच कमी आहे. त्यांना उपाशी कसे म्हणता? शिवाय एकाच माणसाचे खाणे आठवड्या-आठवड्याला कमीजास्त होते आणि शरीर काही मर्यादेत ते सांभाळून घेते. म्हणून रेषा बरीच खाली हवी. दांडेकरांना हे मान्य नव्हते. कमी खाणारा गरीब माणूस गरज कमी म्हणून कमी खात नाही, मिळत नाही म्हणून खातो, ही त्यांची भूमिका. १९८० च्या सुमारास हा वाद इंग्रजी साप्ताहिकातून रंगला. दोघेही आकड्यांत पारंगत, आणि दोघेही साताऱ्याकडचे!

हैदराबादचे आहारशास्त्रज्ञ गोपालन हे प्रथिनांच्या बाबतीत सुखात्म्यांच्या बाजूचे होते. या वेळी मात्र ते विरुद्ध उभे राहिले. शरीर सांभाळून घेते, म्हणजे काय करते? पोर खुजे राहते, मजूर कमी काम उचलतो, बाई बसून राहते. याला सांभाळून घेणे म्हणायचे का? अमेरिकेतल्या सेकलर नावाच्या अर्थशास्त्रज्ञाने तर अशी माणसे ‘लहान पण निरोगी’ असल्याचे सांगायला सुरुवात केली होती. मला वाटते, येथे गोपालन यांचे बरोबर होते. रेषा सरासरीवर ओढली तर धडधाकट माणूस उपाशी ठरतो, हे सुखात्म्यांचे म्हणणे खरे. पण ती फार खाली ओढली, तर अर्ध्या भाकरीवर दिवस काढणारी रोजगाराची बाई ‘पुरेसे खाणारी’ ठरते, आणि तिचे रेशन कापायला कागद तयार होतो. दोन्हीकडे तीच गफलत दोरीवरच्या त्या ताटाची. आत धरायचे की बाहेर, हे कोणीतरी ठरवलेले असते, आणि एकदा टक्केवारी छापली गेली की ते ठरवणे दिसेनासे होते.

सुखात्मे १९९७ मध्ये पुण्यात वारले. दांडेकर त्याआधी, १९९५ मध्ये. अन्न व शेती संघटना आजही भुकेची मोजणी करते ती मूळ १९६१ च्या त्या निबंधातल्या रीतीवरच. चुका तिलाही सुटलेल्या नाहीत. २००९ मध्ये जगात १०२ कोटी माणसे उपाशी असल्याचे संघटनेने जाहीर केले, आणि तो गोल आकडा वर्तमानपत्रांनी उचलून धरला. २०१२ मध्ये तिने स्वतःच हिशेबाची रीत सुधारली, तेव्हा ती उसळी कागदावरून गेली. २०१०-१२ साठी ८६.८ कोटी असा आकडा निघाला. आता संघटना एकच आकडा न देता त्याच्या दोन्ही कडाही छापते. २०२४ या वर्षासाठी २०२५ च्या अहवालात दिले आहे : ६३.८ कोटी ते ७२ कोटी. मधले अंतर आठ कोटींहून अधिक आहे. २०११ च्या जनगणनेत सबंध महाराष्ट्राची वस्ती ११ कोटी २४ लाख होती.